विज्ञानाची दारे आणि उपनगरातील विद्यार्थी

(मुंबई उपनगरातील विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यात एका निवृत्त विज्ञान शिक्षकाने केलेले भाषण. मेळाव्यास शिक्षण खात्याचे अधिकारी आणि शेजारच्या ठाणे व पालघर जिल्ह्यांतील पंचायत सदस्यही उपस्थित होते.)



महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींना विज्ञानातील संशोधनाची आणि अभ्यासक्रमाबाहेरील उपक्रमांची संधी कशी मिळावी, या विषयावर मी बोलावे असे आपण सुचविले, याबद्दल मी आभारी आहे. मी शास्त्रज्ञ नाही. उपनगरातील एका शाळेत मी तीन तपांहून अधिक काळ विज्ञान शिकविले, एवढाच माझा अधिकार. या काळात जे साधले त्यापेक्षा जे हातून निसटले ते अधिक लक्षात राहिले आहे. म्हणून आरंभ एका चुकीपासूनच करतो. ती चूक माझी स्वतःची आहे.

माझ्या वर्गात नववीला एक मुलगी होती. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील वस्तीत तिचे घर. एकदा पावसाळ्यात ती मला म्हणाली, "सर, आमच्याकडे वर पाऊस जास्त पडतो आणि खाली स्टेशनजवळ कमी पडतो, असं असतं का?" मी शिक्षकांच्या सवयीप्रमाणे म्हणालो, "अगं, मोजून बघ." आणि विसरून गेलो. ती मात्र विसरली नाही. दाराबाहेरच्या पत्र्यावर तिने एक सरळ उभा डबा ठेवला. रोज सकाळी शाळेत येण्यापूर्वी पट्टीने पाणी मोजून ती वहीत आकडा लिहीत असे. स्टेशनजवळ राहणाऱ्या मैत्रिणीकडूनही तिने तेच करवून घेतले. सप्टेंबरअखेर तिने ती वही माझ्यासमोर ठेवली, तेव्हा मी थक्क झालो. मी तिची पाठ थोपटली, वही परत दिली, आणि त्याच संध्याकाळी कपाट आवरताना मला एक परिपत्रक सापडले. विद्यार्थ्यांच्या विज्ञान प्रकल्पांसाठी नावे मागविणारे ते पत्र ऑगस्टमध्ये शाळेत आले होते. मुख्याध्यापकांनी ते माझ्याकडे दिले होते. मुदत उलटून तीन आठवडे झाले होते.

पुढे ती मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, वाणिज्य शाखेकडे गेली आणि नोकरीला लागली. त्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु विज्ञानाची वाट आपल्यासाठी आहे काय, हे अजमावून पाहण्याची तिची वेळ माझ्या कपाटात पडून राहिली. अनेक वर्षांनी ती आपल्या मुलाला घेऊन भेटली आणि सहज म्हणाली, "सर, मुलांसाठी अशा काही स्पर्धा वगैरे असतात का हो? आमच्या वेळी नव्हत्या." तिला ते परिपत्रक कधी आले होते हे ठाऊकच नव्हते. ठाऊक होते ते मला एकट्याला.

मित्रहो, आज मला जे सांगायचे आहे ते या प्रसंगातच आले आहे. मुंबईच्या उपनगरांत विज्ञानाच्या संधींची वाण नाही. त्या मुलापर्यंत वेळेवर पोहोचविणाऱ्या माणसांची वाण आहे. ती माणसे म्हणजे आपण.

एक चिमणी आणि एक उघडे दार

याच्या उलट उदाहरणही याच मुंबईतले आहे. १९०८ च्या सुमारास एका शाळकरी मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नव्हे एवढे त्याला कळले. मग ही कोणती, असे त्याने मामांना विचारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. "मला ठाऊक नाही" म्हणून त्यांनी विषय संपविला नाही. चिठ्ठी देऊन त्यांनी भाच्याला संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी तो पक्षी ओळखून दिला, संस्थेच्या संग्रहातील पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखविले आणि वाचावयास पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे पुढे जगन्मान्य झालेले पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली. सुटीच्या दिवसांत हे कुटुंब त्या वेळच्या रानातल्या चेंबूरला राहावयास जात असे, आणि तेथील पाखरांच्या आठवणी डॉ. अलींनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवल्या आहेत.

या कथेत तीन गोष्टी आहेत. मुलाने प्रश्न विचारला. घरातील वडीलधाऱ्याने त्याला योग्य दार दाखविले. आणि दारापाशी असलेल्या माणसाने ते उघडले. तिघांपैकी एकानेही आपले काम केले नसते, तर कदाचित भारतीय पक्षिशास्त्राचा इतिहास वेगळा झाला असता. मात्र तय्यबजींसारखा मामा प्रत्येक मुलाच्या नशिबी नसतो. ज्याच्या घरी महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला, त्याच्यासाठी शाळेतील शिक्षकालाच मामाची ती चिठ्ठी लिहावी लागते.

कोणती दारे, कोठे?

आता ही दारे कोणती, ते पाहू. सर्व सांगण्यास वेळ पुरणार नाही, म्हणून लोकलच्या प्रवासात गाठता येतील अशी काहीच सांगतो.

मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेले हे केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. घाटकोपर-मुलुंडच्या मुलाने कुर्ल्याला गाडी बदलली आणि अंधेरीच्या मुलाने वडाळ्याला बदलली की हार्बर मार्गाने तो तेथे पोहोचतो. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, खगोलशास्त्र आणि कनिष्ठ विज्ञान या विषयांच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी देशाचे संघ निवडण्याचे काम हे केंद्र करते. पहिल्या पायरीच्या परीक्षा भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटना घेते. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञानाची परीक्षा असते. गणिताचे ऑलिंपियाड १९९६ साली, रसायनाचे २००१ साली, जीवशास्त्राचे २००८ साली, भौतिकशास्त्राचे २०१५ साली आणि खगोलशास्त्राचे २०२५ साली मुंबईतच भरले. जगभरची हुशार मुले आपल्या शहरात आली आणि गेली. आपल्या शाळांतील किती मुलांना त्याची वार्ता होती, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

ऑलिंपियाड ही थोड्यांची वाट आहे, हे खरे. पण याच केंद्रात विद्यार्थ्यांना जीवशास्त्राचे साधे, स्वस्त प्रयोग करावयास लावणारा एक उपक्रमही उभा राहिला. पिकलेल्या केळ्यावर येणाऱ्या फळमाश्या बाटलीत पाळावयाच्या, त्यांच्या पिढ्या मोजावयाच्या, गांडुळे आणि डबक्यातील सूक्ष्म जीव यांचे निरीक्षण करावयाचे, आणि निरीक्षणे एकमेकांसमोर मांडून त्यांवर वाद घालावयाचा. फळमाशीवरील कामाला आजवर अनेकदा नोबेल पारितोषिक मिळाले आहे, आणि ती माशी मुलुंडच्या स्वयंपाकघरातही येते.

सहावी आणि नववीच्या मुलांसाठी मुंबईतील विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ मध्ये डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. तीत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक परीक्षा आणि त्यानंतर कृतिसंशोधन प्रकल्प व मुलाखत असे टप्पे आहेत. शिक्षकांनी स्वतः उभारलेली ही स्पर्धा राज्यभर पोहोचली, ही आपल्या व्यवसायाला भूषणावह गोष्ट आहे.

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ मध्ये सुरू झाली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातील प्रश्न निवडून त्याचा अभ्यास करावा आणि तो स्वतःच्या भाषेत मांडावा, ही तिची कल्पना. ठाण्याच्या जिज्ञासा संस्थेने महाराष्ट्रात तिच्या समन्वयाचे काम केले आहे. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर-मानक योजना तर आपणांस ठाऊक आहेच. शाळेने विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पना संकेतस्थळावर नोंदवावयाच्या. निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात दहा हजार रुपये जमा होतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या योजनेत मूल स्वतः अर्ज करू शकत नाही. शाळेने नाव पाठविले नाही, तर त्याच्यासाठी ते दार अस्तित्वातच नसते.

शीव-चुनाभट्टी येथे मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मराठीतून विज्ञानाचे मासिक चालविते आणि विद्यार्थ्यांसाठी उपक्रम घेते. वरळीला नेहरू तारांगण १९७७ पासून आणि नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे. १९८५-८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, त्या निमित्ताने खगोल मंडळाची चळवळ उभी राहिली. ठाणे जिल्ह्यातील वांगणीच्या मोकळ्या आकाशाखाली या मंडळाने कित्येक मुलांना पहिल्यांदा आकाशगंगा दाखविली. २००९ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जुहूच्या पृथ्वी थिएटरात रविवारी सकाळी चहाच्या पेल्यासोबत सर्वसामान्यांशी गप्पा मारू लागले. त्यास तिकीट नाही. गोरेगावच्या चित्रनगरीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान हे तर शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचे उघडे विद्यालयच आहे.

बंद झालेल्या दारांची यादी

दारे दाखविताना सावधगिरीही हवी. योजना सुरू होतात तशा थांबतातही. १९६३ साली सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञा शोध योजना २०२१ नंतर थांबविण्यात आली. १९९९ पासून चाललेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये इन्स्पायर योजनेत विलीन झाली. तरीही या परीक्षांची जुनी मार्गदर्शक पुस्तके विकत घेणारे पालक मला आजही भेटतात. शाळेच्या सूचना फलकावर पाच वर्षांपूर्वीची माहिती लावणे हे काहीच न लावण्यापेक्षा वाईट, कारण त्यात मुलाचे एक वर्ष जाते. प्रत्येक शाळेने जूनमध्ये एका दिवशी बसून कोणती स्पर्धा चालू आहे, कोणती बंद झाली, नोंदणी कोणत्या महिन्यात आणि शुल्क किती, एवढे एका पानावर लिहून काढावे. या पानासाठी निधीची गरज नाही.

दुसरा धोका अलीकडचा आहे. परदेशी विद्यापीठांत प्रवेश हवा असलेल्या मुलांना 'संशोधनाचा अनुभव' विकणारी दुकाने आता थाटली गेली आहेत. भरपूर शुल्क भरावे आणि प्रमाणपत्र, प्रसंगी छापील निबंधही, घेऊन यावे असा तो व्यवहार. विज्ञान प्रदर्शनांसाठी तयार प्रतिकृती बाजारातून आणण्याची आपली जुनी खोड याच जातीची आहे. मुलाला परीक्षकासमोर "हे असे का झाले?" या एका प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर ते संशोधन त्याचे नव्हे. आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने यामुळे हिरमुसण्याचेही कारण नाही. खरे संशोधन किती स्वस्त असते, ते आता पाहू.

डबा, पट्टी आणि वही

माझ्या विद्यार्थिनीच्या डब्याकडे पुन्हा वळतो. २६ जुलै २००५ चा दिवस आपल्यापैकी कोणीही विसरणार नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर पाऊस पडला. दोन वेधशाळांमध्ये अंतर ते किती? वीस-पंचवीस किलोमीटर. म्हणजे एकाच शहरात एका ठिकाणी प्रलय आणि दुसऱ्या ठिकाणी नेहमीचा पावसाळी दिवस. त्या अनुभवानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले. 'वर जास्त पडतो आणि खाली कमी' हा नववीतील मुलीचा प्रश्न पोरकट नव्हता. सारे शहर पुढे तोच प्रश्न विचारू लागले.

आता कल्पना करा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील चार शाळांनी मिळून एक पावसाळा मोजावयाचे ठरविले. बोरिवली डोंगराच्या पश्चिमेस, मुलुंड पूर्वेस. पावसाळी वारे येतात समुद्राकडून. डोंगराच्या दोन्ही अंगांस पाऊस सारखा पडतो काय? याचे नेमके उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. ते मोजूनच मिळेल. त्यासाठी तळाशी सपाट आणि तोंडापासून तळापर्यंत सारख्या रुंदीचे भांडे हवे. ते भिंती-झाडांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवावे. जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडावे. रोज सकाळी साडेआठ वाजता पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजून भांडे रिकामे करावे. साडेआठच का? हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हा संपतो, आणि आपले आकडे सांताक्रूझच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे कळले की शाळेच्या गच्चीवरून वर्षाकाठी किती पाणी वाहून जाते याचाही हिशेब मुले मांडू लागतात.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. रविवारी शाळा बंद, गणपतीत मुले गावी, आणि एखाद्या दिवशी भांडे कलंडलेले. अशा दिवशी मुले अंदाजाने आकडा लिहितात. तेथेच शिक्षकाने हात धरावा आणि 'नोंद नाही' असे लिहावयास लावावे. वहीत 'नोंद नाही' असे प्रामाणिकपणे लिहिणारे मूल विज्ञानाची पहिली परीक्षा उत्तीर्ण झाले, असे मी समजतो. कोणत्याही प्रयोगशाळेत पुढे हाच गुण उपयोगी पडतो.

पाऊस हे एक उदाहरण झाले. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी आहे. २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळालेली ठाण्याची खाडी भांडुप-मुलुंडच्या पूर्वेस आहे. तेथे रोहित पक्षी कोणत्या आठवड्यात येतात आणि कधी जातात, याची नोंद घेता येते. भरती-ओहोटी आहे, रस्त्याचा आवाज आहे, शाळेतील झाडांना मोहोर येण्याची तारीख आहे.

पत्र कसे लिहावे?

अकरावी-बारावीचा विद्यार्थी याच्या पुढे जाऊ शकतो. त्याने आपल्या प्रश्नावर काम करणाऱ्या प्राध्यापकास पत्र लिहावे. उपनगरातच पवईला १९५८ पासून भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे, आणि प्रत्येक उपनगरात विज्ञान महाविद्यालये आहेत. पण पत्र कसे असावे? 'मला संशोधनाची आवड असून कोणत्याही विषयात काम करावयास तयार आहे' असे पत्र टोपलीत जाते. मी काय मोजले, त्यात काय आढळले, कोठे अडलो आणि आपणांस माझा एक प्रश्न असा आहे, एवढे एका पानात लिहिलेले पत्र वाचले जाते. पाच पत्रांतून एखादे उत्तर आले तरी ते पुष्कळ झाले. शास्त्रज्ञही कामात असतात. उत्तर आले नाही म्हणून मुलाने खचू नये, हे सांगणे आपले काम आहे.

२०२५ च्या मे महिन्यात निवर्तलेले डॉ. जयंत नारळीकर यांची एक सवय येथे सांगण्याजोगी आहे. स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलांना ते सांगत, मला पोस्टकार्डावर विज्ञानातील प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली माझी सही असेल. ज्या मुलांनी प्रश्न पाठविले त्यांना सहीसह उत्तर मिळाले. मोठ्या माणसाची स्वाक्षरी मिळविण्यापेक्षा त्याला चांगला प्रश्न विचारणे अधिक मोलाचे आहे, ही शिकवण त्यांनी उपदेश न करता दिली.

बारावीनंतर मूलभूत विज्ञान शिकू इच्छिणाऱ्यांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्तीही आहे. मंडळाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांतून निवड होऊन वर्षाला ८०,००० रुपयांचे साहाय्य मिळते. 'विज्ञान शिकून पोट भरेल काय?' असे विचारणाऱ्या पालकास ही माहिती देणे आवश्यक आहे. बारावीची दोन वर्षे पूर्णपणे प्रवेश परीक्षांच्या शिकवणीवर्गांत जातात, ही पालकांची अडचण मी जाणतो. पण आठवड्यातील दोन तास मुलाच्या स्वतःच्या प्रश्नासाठी राखून ठेवावेत, एवढे तरी आपण मागू शकतो.

भाषेचा अडसर

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. होमी भाभा केंद्राने स्थापनेनंतरच्या पहिल्या काही वर्षांतच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केले. पुढे मुंबईच्या महापालिका शाळांतील मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीही उपक्रम चालविला. या अनुभवातून निघालेला निष्कर्ष प्रत्येक शिक्षकाने ध्यानी ठेवावा असा आहे. मुलांच्या अडचणीत बुद्धीपेक्षा भाषेचा वाटा मोठा असतो. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली आणि योग्य साहाय्य दिले, तर हीच मुले कितीतरी पुढे जातात.

संधींची माहिती बहुधा इंग्रजीत येते. अर्जाचा नमुना इंग्रजीत, सूचना इंग्रजीत. मराठी, हिंदी वा उर्दू माध्यमाचे मूल पहिल्या ओळीलाच थबकते, आणि आपण म्हणतो की त्याला रस नाही. अशा वेळी शिक्षकाने शेजारी बसून एक अर्ज भरून दाखविला, तर पुढचे दहा अर्ज मुले आपसांत भरतात, असा माझा अनुभव आहे.

आपण काय करावे?

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याकडे आलेले परिपत्रक चोवीस तासांत वर्गात वाचून दाखवा. हुशार ठरलेल्या चार मुलांना बाजूला घेऊन सांगू नका, साऱ्या वर्गाला सांगा. प्रश्न विचारणारे मूल नेहमी पहिल्या बाकावर बसते असे नाही. महिन्यातील एका रविवारी दहा मुलांना घेऊन मानखुर्दला, चुनाभट्टीला किंवा राष्ट्रीय उद्यानात जा. एकदा वाट दिसली की पुढच्या वेळी मुले आपली आपण जातात.

अधिकारी मित्रांनो, उपनगरांतील शाळा पश्चिम आणि उत्तर विभागांच्या शिक्षण निरीक्षकांच्या कक्षेत येतात. परिपत्रक कार्यालयातून निघाले, की काम संपले असे मानू नये. ते किती शाळांपर्यंत मुदतीपूर्वी पोहोचले आणि किती शाळांनी एकही नाव पाठविले नाही, याची यादी काढावी. नाव न पाठविणाऱ्या शाळेला जाब विचारण्याऐवजी तेथे एक माणूस पाठवावा. बहुधा त्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक एकटाच असतो आणि त्याच्यावर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सारी कामे असतात.

पंचायत सदस्यांनो, आपण म्हणाल, हे सारे मुंबईचे झाले. तसे नाही. आपल्या गावचे रात्रीचे आकाश पाहण्यासाठी मुंबईची मुले गाडी करून येतात. आपल्या विहिरींच्या पाण्याची पातळी दर पंधरवड्याला दोरी सोडून मोजली, तर तीन वर्षांत ग्रामसभेसमोर ठेवण्याजोगा आलेख तयार होतो. टँकर केव्हा लागेल हे तो आलेख सांगेल. हे काम नववी-दहावीची मुले करू शकतात. ग्रामपंचायतीने त्यांना दोरी, वही आणि ग्रामसभेत बोलण्यासाठी दहा मिनिटे द्यावीत. गावातील मोठी माणसे आपली आकडेवारी गंभीरपणे ऐकत आहेत, हे पाहून त्या मुलांना जे मिळेल ते कोणत्याही प्रमाणपत्रातून मिळणार नाही.

माझे म्हणणे संपत आले. त्या विद्यार्थिनीचा मुलगा आता आठवीत आहे. त्या भेटीत मी तिला खरी गोष्ट सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "ती वही अजून आहे, सर." गेल्या पावसाळ्यात त्या मुलाने त्याच डोंगरावर पुन्हा डबा ठेवला. त्याच्या शाळेतील विज्ञानाच्या बाईंना मी भेटून आलो आणि या वर्षीच्या स्पर्धांच्या तारखा त्यांच्या हाती दिल्या. आई आणि मुलगा, दोघांच्या वह्या शेजारी ठेवून आता तो तुलना करीत आहे. त्यातून काय निघेल हे मला ठाऊक नाही, आणि त्यालाही नाही. ते मोजल्यावरच कळेल.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या कपाटात आज एखादे परिपत्रक पडलेले असेल. घरी गेल्यावर नव्हे, उद्या शाळेत आणि कार्यालयात गेल्याबरोबर ते काढावे, त्यावरील तारीख पाहावी आणि ते कोणा मुलाचे आहे याचा विचार करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.